वडिलांचं वेब्ली ठेवू की नवं पिस्तूल घेऊ?

प्रश्न : वडील गेल्या श्रावणात वारले. त्यांच्या नावावर .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) जुनं विलायती वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्व्हर आहे. जांभळी नाक्याजवळ आमचं सोन्याचांदीचं दुकान, रात्री ऐवज घेऊन घरी यावं लागतं. मित्र म्हणतात, जुनं काढून टाक, नवं पिस्तूल घे. काय करू?
— एक सराफ, चरई, ठाणे

उत्तर : आधी हे सांगा, रिव्हॉल्व्हर आज आहे कुठे? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. घरच्या तिजोरीत असेल तर हा अंक मिटवा आणि ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. परवाना वडिलांचा होता, तुमचा नव्हे. मग वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज करा. भावंडांची ना हरकत घ्या. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझी हयात पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, म्हणून गेली, म्हणून कल लपवत नाही. वर्षातून दोनदा सराव झाला तरी नशीब, अशा माणसाला रिव्हॉल्व्हरच बरं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, पुढचं काडतूस आणून देते. पिस्तुलात तेच झालं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, खेचून ते बाहेर काढावं लागतं, आणि घाबरलेल्या हाताला नेमकं तेच सुचत नाही. पिस्तूल चपटं असतं, सदऱ्याखाली कमी दिसतं, हे मान्य. रोज सराव करणाऱ्याने खुशाल घ्यावं. मित्रांच्या डोक्यात ९ एम.एम. असेल तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य माणसाला त्याचा परवाना सहसा मिळत नाही; तुमच्या कामाचं नाही.

रिव्हॉल्व्हरच नवं हवं असेल तर २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने काढलेलं 'निर्भीक' आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. कमरेला हलकं, खिशाला मात्र नाही, तेव्हाच किंमत लाखाच्या वर होती. शिवाय हत्यार जितकं हलकं तितका झटका मनगटाला जास्त. आणि एक, पिस्तूल व रिव्हॉल्व्हर दोन्ही .३२ म्हणवतात, पण काडतुसं एकमेकांची चालत नाहीत.

तुमचं वेब्ली वयामुळे बाद होत नाही, हयगयीमुळे होतं. वाशीला खाडीकडच्या फ्लॅटमधलं असंच एक माझ्या टेबलावर आलं होतं. बरीच वर्षं कमरेला लावायच्या चामड्याच्या पाकिटात (होल्स्टरमध्ये), भरलेलं! वरून लखलखीत. उघडलं तर पितळेवर हिरवा थर, काडतुसं चक्रीत अशी चिकटलेली की बोटाने एकही निघेना. चामडं दमट हवा धरून ठेवतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने. म्हणून हत्यार पाकिटात साठवू नये; पाकीट बाळगताना वापरायचं, रात्री काढून ठेवायचं.

परवाना झाला की ते जाणकार आर्मररला दाखवा. रिकाम्या हत्याराचा घोडा (मागची हातोडी) चढवल्यावर चक्री डुगडुगते का, नळी आत खाल्ली आहे का, एवढं तो पाच मिनिटांत सांगेल. चक्री घट्ट असेल तर विकू नका. वडिलांची जुनी काडतुसं मात्र वापरायची नाहीत. तीही हत्याराबरोबरच जमा करा आणि पावतीवर नग लिहून घ्या.