खर्जाचे हिरो
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लग्नातल्या ब्रास बँडवर दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून पत्रं अन् व्हॉट्सॲप येऊनच राहिले. गंमत म्हणजे ट्रम्पेटवाल्यांचं एकही नाही, सगळे खर्जातले, म्हणजे खालच्या सुरांची पितळी वाद्यं फुंकणारे. युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्यूबा. इतकी वर्षं कोणी विचारलंच नसेल यांना, म्हणून या वेळची जागा त्यांनाच.

प्रश्न : सर, मी नागपूरच्या महाल भागात राहतो, अकरावीला आहे. आमच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतो. प्रोग्राम झाला की सगळे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्या पोरांसोबत फोटो काढतात, मला तर लोक विचारतात हे काय वाद्य आहे. तबलावाल्यांचे हिरो असतात, गिटारवाल्यांचे असतात. आमचं कोण आहे? मी कोणाला ऐकू?

उत्तर : बेटा, तुझं आहे ना, भरपूर आहे. आधी स्टीव्हन मीड ऐक. इंग्लंडचा माणूस, आयुष्यभर युफोनियमच वाजवलं, जगभर फिरून एकट्याच्या मैफली केल्या. यूट्यूबवर सापडेल. पण ऐकताना त्याची बोटं किती फास्ट पळतात ते पहिल्या दिवशी बघूच नको, एखादी संथ चाल लाव, डोळे मीट आणि एकच लांब सूर कसा सुरू होतो, मध्ये कसा भरतो आणि कुठे संपतो एवढंच ऐक. तिथे तुला कळेल की युफोनियम म्हणजे जाड आवाजाचं ट्रम्पेट नाही, ते गाणाऱ्या माणसाच्या गळ्याच्या जवळचं वाद्य आहे. इंग्लंडमधल्या ब्रास बँडमध्ये व्हायोलिन-चेलो काही नसतं, तर चेलोचं, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या व्हायोलिनचं, सगळं काम युफोनियमच करतं, म्हणजे बँडच्या मधोमध बसून गाणं.

आणि हे बँड कोणाचे माहिती आहे का? पुष्कळसे खाणकामगारांचे आणि गिरणी कामगारांचे. आपल्या उमरेड-सावनेरकडे वेकोलिच्या (सरकारी कोळसा कंपनीच्या) खदानी आहेत ना, तशाच खदानीत दिवसभर राबणारे लोक संध्याकाळी हातपाय धुवून प्रॅक्टिसला बसायचे. ग्राइमथॉर्प नावाच्या गावातल्या खाणीचा बँड 1917 साली सुरू झाला, खाण 1993 मध्ये बंद पडली पण बँड अजून वाजवून राहिला. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे सूर ऐक, जमिनीतून आल्यासारखे येतात.

एक माझंही सांगतो. मी शिकलो ते इतवारीतल्या एका उस्तादांकडे. त्यांच्या युफोनियमवर डावा अंगठा जिथे टेकायचा तिथलं पॉलिश पार उडालेलं होतं, पितळ उघडं पडून गुळगुळीत झालेलं, आणि नळीच्या वळणाखाली झाळ लावून सांधलेली दोन ठिकाणं. मला पहिले तीन महिने त्यांनी एकही गाणं दिलं नाही, फक्त एक सूर, आणि तोही ते आधी वाजवून दाखवायचे, मग म्हणायचे आता हाच काढ. माझा पहिला हिरो तोच माणूस. मीडला मी पुष्कळ नंतर ऐकलं आणि ऐकताना डोळ्यासमोर उस्तादांचा तो अंगठाच आला. तेव्हा बाहेरचे ऐकच, पण तुझ्या बँडमध्ये जो जुना वादक असेल त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बस. फोटोचं मनाला लावून घेऊ नको. तू एक दिवस आला नाहीस तर तुझा बँड कसा पोकळ वाजतो हे तुझ्या बँडमास्तरला बरोबर माहिती आहे, विचारून बघ.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, आम्ही मानेवाड्याला राहतो. तिच्या बँडच्या सरांनी तिला ट्यूबा दिला आणि ती इतकी खूश आहे की विचारू नका. पण तिला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि माझ्या सासूबाई म्हणतात एवढं मोठं वाद्य पोरीच्या जातीला झेपणार नाही, छाती भरून येईल. काय करावं?

उत्तर : ताई, पहिले डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की पुढचं माझ्यावर सोडा. कारण ट्यूबावाल्यांचा जगातला सगळ्यात मोठा गुरू ज्याला म्हणतात त्या माणसालाच दमा होता. अरनॉल्ड जेकब्स त्यांचं नाव. 1915 चा जन्म, अमेरिकेतल्या शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात 1944 पासून 1988 पर्यंत ट्यूबा वाजवला, म्हणजे सरळ 44 वर्षं एकाच खुर्चीवर. फुप्फुसं साधारण माणसापेक्षाही कमी भरायची. त्यामुळेच झालं काय, की श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा याचा त्यांनी इतका खोल अभ्यास केला की लांबलांबून वादक त्यांच्याकडे शिकायला यायचे, ट्यूबाचेच नाही तर ट्रम्पेटचे, हॉर्नचे, बासरीचेसुद्धा.

त्यांचं शिकवणं दोन शब्दांत होतं, गाणं आणि वारा. म्हणजे ओठ असे ठेवा, पोट तसं आवळा, याच्या मागे लागू नका. डोक्यात सूर आधी गाऊन घ्या, मग हवा मोकळी सोडा, बाकी अंग आपोआप करते. ते म्हणायचे की वादकाकडे दोन ट्यूबा असतात, एक हातातला आणि एक डोक्यातला, आणि खरा वाजतो तो डोक्यातला. आता मला सांगा ताई, आपल्याकडे पेटीसमोर बसून गळ्यातून सूर लावून घेतात तेच ना हे? म्हणून मुलीला सांगा की धडा आधी गाऊन दाखव, आजीसमोर बसून गा, मग ट्यूबा उचल. आणि ट्यूबाला जोर लागत नाही हो, हवा पुष्कळ लागते पण ती सैल लागते, गरम चहावर फुंकर घालतो तशी नाही तर थंडीत आरशावर वाफ सोडतो तशी. ट्रम्पेटला याच्यापेक्षा कितीतरी जास्त दाब लागतो.

पोरीच्या जातीचं म्हणाल तर सासूबाईंना कॅरोल जँचचा व्हिडिओ दाखवा. 2006 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने तिला मुख्य ट्यूबावादक म्हणून घेतलं तेव्हा ती 20 वर्षांची होती, कॉलेज अजून संपायचं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ट्यूबाच्या खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई. आणि त्याच्याही किती आधी मेल्बा लिस्टन झाली, 1926 चा जन्म, सात वर्षांची असताना ट्रॉम्बोन बघितला आणि हेच पाहिजे म्हणून हट्ट धरला. पुढे अमेरिकेतला जाझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी याच्या बँडमध्ये पुरुषांच्या रांगेत बसून वाजवलं, आणि अख्ख्या बँडसाठी संगीतरचना लिहून दिल्या. त्या काळात एका काळ्या बाईने हे करणं म्हणजे काय असेल याचा विचार करतो तेव्हा तुमच्या मुलीनेही ट्यूबा वाजवावा असं मला मनापासून वाटते. वाद्याचं वजन मात्र खरंच आहे, त्यासाठी स्टँड घ्या किंवा खुर्चीवर मांडीशेजारी टेकवायला शिकवा, पाठीवर ओढू देऊ नका.

प्रश्न : परेडमध्ये अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा असतो तो ट्यूबाच का? (धरमपेठहून एक आजोबा)

उत्तर : आजोबा, त्याला सूझाफोन म्हणतात. ट्यूबाचाच भाऊ, नळी उलगडली तर साधारण 18 फूट भरते. अमेरिकेचे बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांना आवाज बँडच्या डोक्यावरून पसरेल असं वाद्य पाहिजे होतं, म्हणून 1893 च्या सुमारास ते पहिल्यांदा बनलं. तेव्हा त्याचं तोंड आभाळाकडे होतं, समोर वळलेलं तोंड नंतरचं.

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी कामठीचा, लग्नाच्या बँडमध्ये पंचवीस वर्षांपासून ट्रॉम्बोन वाजवून राहिलो, पिस्टनवाला (बोटांनी खटके दाबायचा), स्लाइडवाला (नळी पुढेमागे सरकवायचा) नाही. आता वराती डीजे अन् धुमालवर (ढोल-वाद्यांच्या ताफ्यांवर) गेल्या, सीझनमध्ये कामं निम्मी झाली. शिकलेली पोरं म्हणतात तुमचा ट्रॉम्बोन खरा नाही, खरा तो स्लाइडवाला. आमच्यासारख्यांचा कोणी मोठा माणूस झाला का?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरा-खोटा ट्रॉम्बोन असं काही नसते हो. रस्त्यावर गर्दीत, पुढे घोडा अन् मागे लाइटवाले, तिथे स्लाइड पुढे ढकलायला जागा कुठे असते? म्हणून आपल्या बँडवाल्यांनी पिस्टनवाला घेतला आणि मेरठच्या जली कोठीतल्या कारागिरांनी तो बनवून दिला. त्यात कमीपणा कशाचा.

आता एक गोष्ट ऐका. जे. जे. जॉन्सन म्हणून अमेरिकेतला जाझचा ट्रॉम्बोनवाला होता, 1924 चा जन्म. तो स्लाइडवर इतके फास्ट आणि इतके मोकळे सूर काढायचा की रेकॉर्ड ऐकून लोकांना वाटायचं हा पिस्टनवालाच वाजवून राहिला. म्हणजे स्लाइडवाल्या सगळ्यात मोठ्या वादकाचं कौतुक कसं झालं, तर पिस्टनसारखा साफ वाजवतो म्हणून! हे त्या पोरांना नक्की सांगा. आणि स्वीडनचा क्रिस्टियन लिंडबर्ग, त्याने सतराव्या वर्षी ट्रॉम्बोन हातात घेतला, तोही जॅक टीगार्डन या अमेरिकन ट्रॉम्बोनवाल्याच्या जाझ रेकॉर्ड ऐकून, एकोणिसाव्या वर्षी ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात नोकरी लागली आणि ती सोडून नुसत्या ट्रॉम्बोनवर एकट्याने मैफली करत जग फिरला. उशिरा सुरू केलं म्हणून काही अडलं नाही.

आपल्यातलं नाव पाहिजे तर ब्लास्को मोन्सोरेट. मुंबईतले, घरच ब्रासचं, भाऊ ट्रम्पेटवर, हे ट्रॉम्बोनवर. आर. डी. बर्मन यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. तुम्ही वरातीत जी जुनी गाणी वाजवता ना, त्यातल्या कितीतरी गाण्यांमागचे ब्रासचे तुकडे अशा गोव्याकडच्या घराण्यांतल्या लोकांनी वाजवलेत, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले लोक, आणि पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच यायचं. तुम्ही गायकाची ओळ वाजवता ती छानच, पण आता एक करा, कोणतंही आवडतं जुनं गाणं हेडफोन लावून ऐका आणि गायकाला बाजूला ठेवून फक्त मागचा खालचा ब्रास धरा. कुठे येतो, कुठे थांबतो, किती कमी वाजवतो. मग तोच तुकडा तुमच्या पिस्टनवर बसवा.

मी डिसेंबरात एक दिवस कामठीला येतोच आहे. ट्रॉम्बोन घेऊन बसा, तो तुकडा मला तुमच्याकडून ऐकायचाय.