विमानाचा वेळ मोजताना

प्रश्न : इंटरनेटवर छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर २८० किलोमीटर आणि उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं दिसतं. तिकिटावर मात्र तासाहून जास्त वेळ असतो. खरं काय धरावं? (जालना)

उत्तर : अंतर बरोबर आहे, तुम्हीही ताडून पाहू शकता. चिकलठाणा विमानतळ १९.८६ अक्षांश, ७५.४० रेखांशावर; मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक ०.७७ गुणिले १११, म्हणजे ८५ किलोमीटर. रेखांशातला फरक २.५३, आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, म्हणजे २६६. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, २७९ येतं. (रेल्वे मनमाडवरून वळसा घेते, म्हणून तिला सुमारे ३७५ पडतात.)

वेळेत मात्र गफलत आहे. अंतराला एका ठरावीक वेगाने भागलं की अर्धा तास येतो, पण विमान तो वेग फार थोडा वेळ धरतं. दहा हजार फुटांखाली वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर लागतात. वीस हजार फुटांवरून उतरायचं तर मुंबईच्या ११० किलोमीटर आधीच उतरण सुरू होते. चढण्यातलं अंतर वजा केलं की पूर्ण वेगासाठी उरतं किती!

शिवाय तिकिटावरचा वेळ हा निव्वळ उड्डाणाचा नसतोच. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा तो हिशेब. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. गर्दीत किंवा पावसाळ्यात घिरट्या घालाव्या लागतात, त्याची तजवीज कंपन्या आधीच करून ठेवतात.

तुम्ही जालन्याहून निघणार, तर चिकलठाणा वाटेवरच आहे. शहरात शिरावं लागत नाही. रस्त्याला सव्वा तास धरा. सामान घेणारी खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचा. प्रवास सव्वा तास, सामान मिळायला अर्धा. घरापासून मुंबई विमानतळाच्या दारापर्यंत साडेचार तास झाले. काम अंधेरी-सांताक्रूझला असेल तर विमान जरूर घ्या. भिवंडी-ठाण्याकडे असेल तर समृद्धी महामार्गाने गाडीच बरी, तो रस्ता भिवंडीजवळ आमण्यालाच उतरतो. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा : आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तो उलव्याला.

प्रश्न : मुलाच्या मुंबई-दुबई तिकिटावर सुटण्याची वेळ ४.३०, पोहोचण्याची ६.१०. एवढ्यात कसं पोहोचतं? (नांदेड)

उत्तर : दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून खरा प्रवास ३ तास १० मिनिटांचा. येताना उलट, फरकातून दीड तास वजा करा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा थोडा लवकर होतो.

तारखेकडे मात्र नीट लक्ष द्या. २० तारखेचं ००.४० चं विमान असेल, तर १९ च्या रात्री साडेनऊलाच विमानतळावर हजर राहायला हवं. नांदेडहून गाडीचं आरक्षण करताना १९ लाच मुंबईत पोहोचायचं आहे, हे धरा.