पुढची काच, डीलरचे ३१ हजार आणि तुमचा नो-क्लेम बोनस

प्रश्न: आम्ही साताऱ्याला राहतो. पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे एका डंपरमधून उडालेली खडी आमच्या कारच्या पुढच्या काचेवर बसली. दुसऱ्या दिवसापर्यंत चालकाच्या बाजूने हातभर तडा गेला. डीलर ३१,००० रुपये सांगतो. गावातला काचवाला ९,५०० मध्ये बसवून द्यायला तयार आहे; पण बाहेरची काच बसवली तर गाडीची वाढीव वॉरंटी जाईल, असं डीलर म्हणतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे, सध्या ३५ टक्के नो-क्लेम बोनस मिळतो, इंजिन १२०० सीसी. घटनेला दोन आठवडे झाले, आता क्लेम मिळणार नाही असं एजंट सांगतो. डीलरचा माणूस तर म्हणाला, "क्लेम करा, बोनेटवरचा जुना ओरखडाही त्यातच काढून देतो." आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, ९,५०० ची काच खिशातून पैसे देऊन बसवा आणि क्लेम करू नका, असं माझं मत आहे. पण या मतामागचा हिशेब तुम्ही स्वतः तपासून घ्या, कारण आकडे तुमच्या पॉलिसीतले आहेत.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'ओन डॅमेज' प्रीमियम, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता, वेगळा दाखवलेला असतो. नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, फक्त त्याच रकमेवर मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. समजा, सवलतीआधीचा हा आकडा १२,००० आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी तुमचा बोनस ४५ टक्के होईल आणि त्यानंतर ५० टक्क्यांवर थांबेल. क्लेम केला तर तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी पायरी पायरीने चढण सुरू होते. म्हणजे पहिल्या वर्षी ५,४०० रुपये, दुसऱ्या वर्षी ३,६००, मग ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये गमावले. बेरीज १४,४००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, हे धरलं तरी ११-१२ हजार जातातच.

यावर १५०० सीसीपर्यंतच्या कारला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट आहे. काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण रबरी बीडिंगवर ५० टक्के कापतात, आणि सीलंटसारख्या गोष्टी 'कन्झ्युमेबल्स' म्हणून बिलातून वगळू शकतात. तेव्हा डीलरकडची "फुकट" काच तुम्हाला १२-१३ हजारांना पडते. कॅशलेसच्या आनंदात ही रक्कम दिसत नाही, ती पुढच्या नूतनीकरणांच्या पावत्यांमध्ये वाटली गेलेली असते.

हिशेब उलटा होईल असे तीन प्रसंग आहेत. पॉलिसीत बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन घेतलेलं असेल. फक्त काचेच्या क्लेमने बोनस जाणार नाही असं कलम असेल. किंवा याच पॉलिसी वर्षात तुम्ही आधीच एखादा क्लेम केला असेल. यातलं काहीही असेल तर बेलाशक क्लेम करा. एजंटला तोंडी विचारू नका, पॉलिसीचं शेड्यूल वाचा.

दोन आठवड्यांच्या उशिराने क्लेम बुडाला, हे एजंटचं म्हणणं बरोबर नाही. खऱ्या नुकसानीचा क्लेम निव्वळ उशिरा कळवल्याच्या कारणावरून फेटाळू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या प्रकरणात, उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर क्लेम नाकारता येत नाही, हेच धरलं. तरीही क्लेम करायचाच ठरला तर आजच ईमेलने कळवा, उशीर का झाला ते दोन ओळींत लिहा आणि कंपनीच्या पाहणीआधी काच काढू नका. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

बोनेटच्या ओरखड्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. ती ऑफर स्वीकारू नका. क्लेम फॉर्मवर सही तुमची असते, डीलरच्या माणसाची नाही. जुना ओरखडा त्या दिवशीचा म्हणून दाखवला की ते खोटं निवेदन होतं, आणि त्या एका खोट्यामुळे काचेचा खरा क्लेमही नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

आता वॉरंटी. ही धमकी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात ऐकू येते आणि लोक तिला घाबरून तिप्पट पैसे भरतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला. सुटे भाग आपल्याच डीलरांपुरते अडवून ठेवणं आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारणं, हाच तिथला मुद्दा होता. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, त्यामुळे केवळ त्या आदेशावर विसंबून राहू नका. तुमच्या हातात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सुद्धा आहे. कलम २(९) स्पर्धात्मक दरात निवड करण्याचा हक्क देतं, आणि एक वस्तू किंवा सेवा मिळण्यासाठी दुसरी आपल्याकडूनच घ्या अशी अट घालणं कलम २(४१) मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरतं.

डीलरला साधा ईमेल करा: "बाहेरून आयएसआय मार्कची काच बसवल्यास माझी संपूर्ण वाढीव वॉरंटी कोणत्या कलमानुसार रद्द होते, ते कलम लेखी कळवावे." काउंटरवर ठामपणे बोलणारी माणसं असं कलम लिहून द्यायला सहसा तयार होत नाहीत. त्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, उदाहरणार्थ काचेच्या कडेने पाणी झिरपून डॅशबोर्डची वायरिंग खराब झाली, तर तेवढ्या दुरुस्तीची वॉरंटी ते नाकारू शकतात. इंजिनची किंवा गिअरबॉक्सची नाही.

म्हणून काचवाल्याकडे थोडं चिकित्सक व्हा. पुढची काच लॅमिनेटेडच हवी; मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० ची ती अट आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, आयएसआय चिन्ह आणि त्यालगत सीएम/एल क्रमांक, म्हणजे त्या चिन्हाच्या परवान्याचा क्रमांक, कोरलेला असतो. तो काच बसवण्याआधी पाहा आणि फोटो काढा. असाही इंडिया आणि सेंट-गोबेन सेक्युरिट या कंपन्या कार कारखान्यांनाही काच पुरवतात आणि बाजारातही विकतात, त्यामुळे 'बाहेरची' म्हणजे हलकी असं समजू नका. आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर आधीच सांगा. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन काचवाल्याला जमत नसेल तर ९,५०० चा सौदा सोडून द्या. चिकटवलेलं सीलंट सुकायला तो जितका वेळ सांगेल तितका वेळ गाडी हलवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना याच काचेचा आधार घेते.

बिल जीएसटीचं घ्या. त्यावर गाडीचा नंबर, काचेची कंपनी आणि गळतीची किती महिन्यांची हमी, हे लिहून घ्या. पावसाळ्यात पाणी आत आलं आणि काचवाल्याने हात वर केले तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि एवढ्या रकमेला तिथे फी लागत नाही. पक्कं बिल नसेल तर यातलं काहीच नीट उभं राहत नाही.

डंपरवाल्याकडून भरपाई? ताडपत्रीविना भरलेली खडी सांडली असेल तर तो निष्काळजीपणा आहे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. टायरखालून दगड उडाला असेल तर दोष सिद्ध करणं फार अवघड. नंबर टिपला असेल, तर ९,५०० रुपयांसाठी खेटे घालण्यापेक्षा उघड्या भरावाची तक्रार फोटोसह आरटीओ आणि महामार्ग पोलिसांकडे करा. त्याच्यामागून दुचाकीवाले येत असतात.

तडा चालकाच्या नजरेसमोर असल्याने रेझिन भरून तो झाकण्याचा विचार करू नका, आणि तशी गाडी महामार्गावर घेऊही नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली असुरक्षित स्थितीतली गाडी चालवल्याबद्दल कारवाई होऊ शकते.

जुन्या काचेबरोबर तुमचा फास्टॅगही जाईल. तो सोलून नव्या काचेवर लावायचा प्रयत्न करू नका, आतली तार तुटते. त्याच बँकेकडून त्याच गाडीसाठी बदली टॅग आधीच मागवून ठेवा. नाहीतर आनेवाडीला आणि खेड-शिवापूरला रोखीत दुप्पट, नाहीतर यूपीआयने सव्वापट टोल भरत बसावं लागेल. डीलरचं लेखी उत्तर आलं की वॉरंटीच्या कलमाची प्रत मला पाठवा, पुढची नोटीस कशी काढायची ते मी सांगेन.