वाचक विचारतात : कांगारू उंदरांची मोजदाद आणि त्यांची जनुकं

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो मैदानात चांगल्या पावसानंतर ‘मोठा कांगारू उंदीर’ या जातीचे, मागच्या पायांवर उड्या मारणारे आणि बी खाणारे उंदीर भरपूर दिसतात म्हणे. मग ते संकटग्रस्तांच्या यादीत कसे?

उत्तर : १९८७पासून ते अमेरिकेच्या यादीत आहेत. सॅन वाकीन खोऱ्यातला त्यांचा बहुतेक अधिवास शेतीखाली गेला. उरलेल्या तुकड्यांतला उत्तरेचा सिएर्व्हो-पनोचे टेकड्यांकडे, दक्षिणेचा कॅरिझोकडे.

शिवाय दुष्काळात बी मिळत नाही आणि संख्या कोसळते. समजा, चार पिढ्यांत प्रत्येकी १००० जनावरं होती आणि एका पिढीत फक्त ५०. साधी सरासरी ८१० येते, पण जनुकांच्या हिशेबात (हरात्मक सरासरीने, जिच्यात लहान आकड्याचा भार जास्त) ती वस्ती जेमतेम २०८ जनावरांची ठरते, कारण त्या ५०मध्ये जे जनुकप्रकार नव्हते ते कायमचे गेले. पुढे पाऊस कितीही झाला तरी ते परत येत नाहीत. म्हणून नुसती डोकी मोजून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं.

प्रश्न : जनुकं तपासायला नमुने कसे घेतात? चूक कुठे होते?

उत्तर : परवाना लागतोच. संध्याकाळी शर्मन सापळ्यात (जनावर जिवंत पकडणाऱ्या धातूच्या पेटीत) बाजरीवर्गाचं कोरडं बी ठेवतात. सापळा लांब प्रकारचाच हवा, नाहीतर दार पडताना लांब शेपूट चिरडते. थंडीत आत कागदी टॉवेल टाकावा आणि ऊन चढायच्या आत सापळे रिकामे करावेत. कानाच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. एका ठिकाणची २५-३० जनावरं बरी.

खरी गफलत जागा निवडताना होते. पिल्लं बरेचदा आईच्या बिळाजवळच स्थिरावतात. सगळे सापळे एकाच घोळक्यात लावले, तर नमुन्यात एकाच घरची भावंडं येतात आणि शेजारची वस्ती उगाचच वेगळी दिसते. सापळे पसरून लावा, विश्लेषणाआधी नात्यातली जनावरं हुडका. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून नरांची ये-जा कळत नाही, म्हणून केंद्रकातले मायक्रोसॅटेलाइटही (आई-वडील दोघांकडून येणारे, डीएनएचे पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासावेत. तिथेही एखादा प्रकार पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या चाचणीत) उमटलाच नाही, तर अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात प्रजनन) झाल्याचा भास होतो.

प्रश्न : दुसरीकडचे उंदीर आणून सोडले की भागेल?

उत्तर : भागेल, पण शेजार मोडू नका. हा प्राणी एकलकोंडा आहे, तरी शेजाऱ्याला ओळखतो. स्टीफन्स कांगारू उंदीर या नात्यातल्या दुसऱ्या जातीवरच्या प्रयोगात ओळखीच्या शेजाऱ्यांसह हलवलेले उंदीर अनोळखी गटापेक्षा जास्त जगले आणि त्यांना पिल्लंही जास्त झाली, कारण भांडणात वेळ गेला नाही. पकडताना प्रत्येक बिळाची जागा नकाशावर नोंदवावी. नव्या जागी कृत्रिम बिळं त्याच क्रमाने मांडून वर जाळीचा पिंजरा ठेवावा आणि काही दिवसांनी तो काढावा.

पाहुणे जगले एवढ्यावर थांबू नये. पुढच्या हंगामातल्या पिल्लांचे नमुने घ्या. त्यांत पाहुण्यांची जनुकं सापडली, तरच स्थलांतराचा उपयोग झाला.