गोल्फ कार्टला बॅटरीचा चार्ज दाखवणारा मीटर कसा बसवावा?

आपल्या सोसायटीतील ४८ व्होल्टच्या जुन्या गोल्फ कार्टला चार्ज दाखवणारा मीटर नाही, गाडी दोन वेळा वाटेतच बंद पडली, आणि आता आणलेला मीटर नेमका कुठे जोडायचा, असा आपला प्रश्न आहे. मी डोंगरउतारावरच्या एका रिसॉर्टमध्ये अशाच गाड्यांची देखभाल करतो. बसवण्याचे काम फार तर दोन तासांचे आहे. मात्र मीटर कोठून व्होल्टेज घेतो आणि आपण तो केव्हा वाचतो, या दोन गोष्टी चुकल्या तर तो असूनही गाडी वाटेत बंद पडेल.

आपल्या गाडीत साध्या, पाणी भरायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत असे मी धरतो. त्या १२ व्होल्टच्या चार असोत की ८ व्होल्टच्या सहा, सगळ्या एकापुढे एक अशा सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. मीटरची लाल तार या साखळीच्या अगदी पहिल्या प्लसकडून आणि काळी तार अगदी शेवटच्या मायनसकडून यायला हवी. जवळ पडते म्हणून एकाच बॅटरीवर मीटर जोडला, तर उरलेल्या बॅटऱ्यांचे काय चालले आहे ते कळणारच नाही. काळी तार चॅसिसलाही जोडू नये. मोटारीत बॉडी म्हणजेच मायनस असते, पण गोल्फ कार्टमध्ये बॅटरीचा मायनस बहुधा चॅसिसला जोडलेला नसतो, आणि मोटारींची सवय असलेला वायरमन नेमका येथेच फसतो.

मीटर सतत चालू राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून लाल तार चावीच्या स्विचनंतर घेणे चांगले. त्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे हातातले उपकरण) लावून त्या जागी किती व्होल्ट येतात ते पाहावे, कारण काही गाड्यांत तेथे पूर्ण ४८ व्होल्ट असतात, तर काहींत कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करणाऱ्या डबीतून) आलेले १२. पूर्ण व्होल्टेज तेथे नसेल, तर थेट मुख्य प्लसवरून तार घेऊन मध्ये एक वेगळा छोटा स्विच द्यावा. दोन्ही पद्धतींत, जेथून तार निघते तेथेच १ अँपिअरचा फ्यूज हवा. मोटारीतले पात्याचे साधे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात. आपल्या गाडीचे व्होल्टेज चार्जिंगच्या वेळी ६० च्या आसपास जाऊ शकते, म्हणून फ्यूज आणि मीटर दोन्ही त्याहून अधिक डीसी व्होल्टेज सोसणारे घ्यावेत.

काम सुरू करण्यापूर्वी चार्जर काढावा, चावी बंद करावी, ‘रन’ आणि ‘टो’ असा स्विच असल्यास तो ‘टो’वर ठेवावा आणि मग मुख्य मायनसची केबल सोडवून बाजूला बांधून ठेवावी. मोटरचा करंट नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरमधील कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो, तेव्हा पाच-दहा मिनिटे थांबावे. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावा; पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे.

गोल मीटरसाठी डॅशबोर्डला बहुधा ५२ मिमीचे भोक लागते. ड्रिल चालवण्यापूर्वी मागच्या बाजूला वायरिंग नाही ना ते हात घालून तपासावे. तार १ चौरस मिमीची पुरते. टोकांना थिंबल (तारेच्या टोकाला बसणारे धातूचे टोपण) नीट दाबून बसवावेत आणि तार पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालावा. मीटरमध्ये बॅटरीचा प्रकार आणि व्होल्टेज निवडण्याची सोय असेल, तर ते आधी ठरवून द्यावे. शेवटी मायनसची केबल जोडून मीटरवरचा आकडा मल्टिमीटरशी ताडून पाहावा.

आता वाचनाविषयी, कारण खरी गफलत येथे होते. गाडी चार्ज करून काही तास उभी राहिल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या सुमारे ५०.९ व्होल्ट दाखवतात; निम्मा चार्ज उरला की साधारण ४८.४ आणि एक पंचमांश उरला की ४६.६. ‘४८ व्होल्टची गाडी ४८ दाखवते, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे अनेक चालक मानतात, प्रत्यक्षात तेव्हा बॅटरी निम्म्याहून खाली गेलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून ४८.४ दिसताच गाडी चार्जिंगला लावावी असे मी आग्रहाने सांगतो. हे सर्व आकडे उभ्या गाडीचे आहेत. चढावर मोटर जोरात करंट ओढते तेव्हा आकडा घसरतो आणि गाडी थांबली की पुन्हा वर येतो.

मात्र ही घसरण किती होते, याकडे लक्ष ठेवावे. आमच्या एका गाडीचा मीटर उभ्याने ४९.६ दाखवी आणि पाहुणे बसवून चढावर गेली की एकदम ४४.५ वर येई. सीट उचलून, सहकाऱ्याला गाडी त्याच चढावर हळू चालवायला सांगून, मी चारही बॅटऱ्या एकेक करून मोजल्या. तीन बॅटऱ्या ११.७ वर टिकून होत्या, चौथी ९.४ वर आली होती. उभ्या गाडीत चारही सारख्याच, १२.४ दाखवत होत्या. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावल्यावर त्या बॅटरीचा एक सेल, म्हणजे आतला एक कप्पा, गेलेला निघाला. मीटर नसता तर आम्ही कदाचित चारही बॅटऱ्या बदलल्या असत्या.

आपल्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल, तर व्होल्टेजवर चालणारा मीटर घेऊ नये. मधल्या मोठ्या टप्प्यात, म्हणजे साधारण ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येईपर्यंत, तिचे व्होल्टेज जेमतेम दीड-दोन व्होल्टने उतरते, आणि त्यातून टक्केवारी सांगणे म्हणजे अंदाजपंचे. तेथे शंट (ज्यातून सगळा करंट जातो आणि मोजला जातो, अशी धातूची पट्टी) असलेला, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर लागतो. शंट कंट्रोलरच्या कमाल करंटहून मोठा घ्यावा आणि मुख्य मायनसवर असा बसवावा, की चार्जरच्या मायनससह प्रत्येक मायनस तार शंटच्या पलीकडच्या, म्हणजे बॅटरीपासून दूरच्या, टोकाला येईल. एखादी तार थेट बॅटरीवर राहिली, तर तेवढा करंट मोजलाच जात नाही आणि टक्केवारी दररोज थोडी थोडी चुकत जाते.