रिपीटरवर पहिल्यांदा बोलताना

स्वागत! सध्या एवढंच समजून घ्या: रिपीटर (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे संदेश पुढे पाठवणारं यंत्र) एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच दुसरीवर प्रसारित करतो. दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सी) हा फरक, म्हणजेच ऑफसेट, बहुधा ६०० किलोहर्ट्झ असतो.

तुम्हाला सगळे ऐकू येतात, पण तुम्ही कुणालाच नाही? बहुतेकदा ऑफसेटची दिशा (प्लस की मायनस) किंवा टोन (रिपीटरला जागं करणारा ठरावीक सूर) चुकलेला असतो. लगेच नवा सेट घ्यायला धावू नका!

- पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबून क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर कॉलसाइनचं (रेडिओवरच्या तुमच्या ओळख-संकेताचं) पहिलं अक्षरच गायब होतं.
- समोरच्याचं संपलं की जरा फट ठेवा. तातडीचं काम असलेल्याला मध्ये शिरता येतं.
- हँडी (हातात धरायचा सेट) उभी धरा, कमरेला लावून बोलू नका.

डीटीएमएफ (कीपॅडचे सूर), लिंकिंग (रिपीटर एकमेकांना जोडणं) वगैरे नंतर बघू. नुसतं 'टेस्टिंग, टेस्टिंग' करण्यापेक्षा कॉलसाइन सांगून तुमचा आवाज कसा येतोय याचा रिपोर्ट मागा. ऐकणारं कुणी असलं तर उत्तर येतंच.