स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस डोंगर पहिल्यांदाच चढायचाय, कुठली वाट धरू?

पहिलीच खेप असेल तर ग्लेन नेव्हिस या खोऱ्यातून वर जाणारा माउंटन ट्रॅक धरा. माथ्यावरच्या जुन्या वेधशाळेसाठी १८८३ साली तट्टं चढतील अशी ही वाट बांधली, म्हणून नागमोडी आहे. पण सोपी समजू नका: उंची १,३४५ मीटर, सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून. जाऊन-येऊन ७ ते ९ तास. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या कार्न मोर डिअर्ग शिखराकडून येणारी डोंगरधार; ती दिसायला देखणी, पण तिथे दोन्ही हात दगडांवर टेकत जावं लागतं. सवय असेल तरच जा.

खरी भीती माथ्यावरच्या धुक्याची. उत्तरेचा कडा दिसत नाही आणि त्याच्या काठावर मे महिन्यातही बर्फाचे छज्जे लोंबतात. होकायंत्र वापरता येतं ना? नुसत्या मोबाइलवर विसंबून जाऊ नका.